पगारवाढीची खबर

कारखान्याच्या तपासणी विभागात ज्याची उभी हयात जाते, त्याच्या अंगी एक खोड हळूहळू मुरते. समोर आलेली प्रत्येक वस्तू, ती बरोबर आहे असे सिद्ध होईपर्यंत, तो चुकीचीच धरून चालतो. या कथेतल्या तपासनिसाचेही तसेच झाले होते. यंत्रांवर तयार झालेल्या दांड्या आणि कड्या त्याच्या टेबलावर येत. तो त्या मापकात धरी, उजेडाकडे करून न्याहाळी, आणि केसभर जरी माप ढळलेले दिसले तरी वस्तू लाल पेटीत टाकी. मग ती का बिघडली याचा तो पिच्छाच पुरवी. हत्यार झिजले होते का, कारागिराचा हात हलला होता का, की लोखंडच कच्चे होते? हिरव्या पेटीत गेलेल्या वस्तूकडे मात्र तो पुन्हा ढुंकूनही पाहत नसे. जे बरोबर आहे त्यात शोधायचे काय, असा त्याचा सरळ हिशेब होता.

सोबती त्याला ‘मायक्रॉन’ म्हणत. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन. माणसाने याहून बारीक विचार करू नये, असे सुचवण्याचा त्यांचा हेतू असावा. त्याला मात्र ते नाव आवडे.

सध्या त्याला छळणारी गोष्ट कारखान्यातली नव्हती. ती घराची होती, म्हणजे घरभाड्याची.

एका जुन्या तीन मजली इमारतीत मधल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तो भाड्याने राहत होता. वरच्या मजल्यावर मालकीणबाई राहत, तळाला किराणा मालाचे दुकान होते. बाहेरच्या खोलीत त्याच्या बायकोचे शिवणयंत्र होते. शाळांचे गणवेश ती नगावर शिवून देई. रात्री शिवणयंत्र भिंतीला लोटले की तिथेच मुलीचे अंथरूण पडे. मुलगी औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करी. तिचे लग्न ठरून बराच काळ लोटला होता, पण लग्न करून राहायचे कुठे, हा प्रश्न दोन पगार एकत्र करूनही सुटत नव्हता. खोलीचे भाडे एक वेळ जमले असते, अनामत रक्कम जमत नव्हती. होणारा जावई कधी येई तेव्हा शिवणयंत्रासमोरच्या स्टुलावर अंग चोरून बसे आणि चहा पिऊन जाई.

आता छळणारी गोष्ट. कारखान्यात दर तीन वर्षांनी पगाराचा नवा करार होई. वाढ प्रत्येकाच्या श्रेणीनुसार वेगळी असे, आणि अधिकारी एकेकाला आत बोलावून त्याचा आकडा त्यालाच सांगत. तरीही वाढीव पगार हातात पडायच्या सुमारास मालकीणबाई नेमके भाडे वाढवीत. पहिल्यांदा तसे झाले तेव्हा त्याने तो योगायोग मानला. दुसऱ्यांदा झाले तेव्हा त्याने ते मनात टिपून ठेवले. पुढच्या करारानंतर पुन्हा तेच घडले, तेव्हा त्याने भागाकार केला. भाडेवाढ बरोबर पगारवाढीच्या निम्मी होती. मागच्या दोन वेळाही निम्मीच होती. आणि योगायोगाला भागाकार येत नाही, एवढे तांत्रिक विद्यालयात शिकलेल्या माणसाला कळते.

म्हणजे कोणीतरी खबर देत होते. भिंतींना कान असतात हे त्याला मान्य होते, पण भिंतींना आकडे कळत नाहीत.

यंदा पुन्हा करार झाला. अधिकाऱ्याने त्याला आत बोलावून त्याचा आकडा सांगितला: बाराशे. वाढ फार नव्हती, पण ही सबंध वाढ मुलीच्या अनामत रकमेसाठी बाजूला टाकायची, असे त्याने मनाशी पक्के केले होते. वाढीव पगार हातात पडायला अजून काही आठवडे होते. तेवढ्यात फितूर सापडला नाही, तर निम्मी वाढ वरच्या मजल्यावर जाणार आणि मुलगी शिवणयंत्राशेजारीच झोपत राहणार.

दोष कुठे आहे ते कळत नसेल, तेव्हा तपासणी विभागात एक युक्ती करतात. ज्या ज्या यंत्रावर संशय असेल, त्या त्या यंत्रातून निघणाऱ्या वस्तूवर वेगळी खूण करायची. बिघडलेली वस्तू हाती आली की खूण पाहायची आणि यंत्र ओळखायचे. त्याने तेच करायचे ठरवले. प्रत्येक संशयिताला वेगळा आकडा सांगायचा. मग मालकीणबाई जेवढे भाडे वाढवतील त्याची दुप्पट करायची. जो आकडा येईल, तो ज्याला सांगितला होता तो फितूर.

पहिला संशयित वेल्डर. हा त्याचा जुना मित्र. पूर्वी समोरच्याच खोल्यांत राहायचा. त्याचे भाडे मालकीणबाईंनी वर्षागणिक वाढवत नेले आणि शेवटी तो शहराच्या पार टोकाला राहायला गेला. आता दोन बस बदलून कामावर येई आणि जेवणाच्या सुट्टीत डुलक्या घेई. स्वतःचे घर सुटले, मित्राचे टिकले, याचा सल कोणालाही राहणारच, असा तपासनिसाचा कयास होता. मागच्या भाडेवाढीपासून त्याने वेल्डरशी बोलणे तोलून मापून ठेवले होते.

उपाहारगृहात तो मुद्दाम वेल्डरच्या शेजारी जाऊन बसला.

“आज पश्चिमेला उगवला का सूर्य?” वेल्डरने डबा त्याच्यापुढे सरकवत विचारले. “मला वाटलं, माझ्या अंगाला वास येतो.”

“तुझे किती वाढले?”

“सांगण्यासारखं काही नाही. बसवाले खूश होतील. तुझे?”

“आठशे,” तपासनिसाने खोटे सांगितले आणि त्याच्या डोळ्यांकडे निरखून पाहिले.

“फक्त? तुझ्या श्रेणीला?” वेल्डरने घास तसाच ठेवला. “मग हे कोणाला सांगू नकोस, मायक्रॉन. लोक हसतील.” आणि थोड्या वेळाने, “मालकीणबाई कशा आहेत? गुडघे अजून दुखतात का त्यांचे?”

मालकीणबाईंच्या गुडघ्यांची चौकशी तपासनिसाने लगेच मनात नोंदवून ठेवली.

दुसरा संशयित मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो मालवाहू गाडी चालवी. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. कोणाच्या घरात कोणते कपाट आले हे त्याला कपाट जागेवर लागण्याआधी ठाऊक असे, कारण बहुतेक वेळा त्यानेच ते वाहून नेलेले असे. मालकीणबाईंचे सामानही तोच आणून देई. रविवारी तो आला तेव्हा तपासनिसाने त्याला जिन्यात गाठले.

“तुला म्हणून सांगतो. सोळाशे वाढलेत.”

“दाजी, आज तुम्ही स्वतःहून काहीतरी सांगितलंत,” मेहुणा म्हणाला. “तब्येत बरी आहे ना? ताईला बोलवू?”

तिसरा तळमजल्यावरचा दुकानदार. गिऱ्हाईक उधारी केव्हा फेडील याचा अंदाज घेणे हाच त्याचा धंदा, तेव्हा पगाराची बातमी त्याला सोन्यासारखी. त्याला तपासनिसाने साबण घेता घेता दोन हजार सांगितले. दुकानदाराने अभिनंदन केले आणि त्याच दमात महागातला साबण पुढे केला.

राहिली बायको. तिच्यावर त्याचा संशय मुळीच नव्हता. पण पद्धत म्हणजे पद्धत. तपासणीत मूळ मापसुद्धा अधूनमधून तपासून घ्यावे लागते. शिवाय तिला खरा आकडा सांगावा, तर तो तिच्या भावाच्या कानी जाणार आणि सगळा प्रयोग मातीत जाणार. कमी सांगावा, तर ती हिरमुसणार. म्हणून त्याने तिला सर्वांत मोठा आकडा सांगायचे ठरवले. पगाराच्या दिवशी खरे सांगून टाकू, तोवर बिचारी चार दिवस सुखात राहील, असाही एक विचार त्यामागे होता.

“चोवीसशे,” तो म्हणाला.

शिवणयंत्र थांबले. तिने चाकावरचा हात तसाच ठेवला.

“खरंच?”

“साहेबांनी आत बोलावून सांगितलं.”

गणवेशाची बाही तिने मांडीवर घेतली आणि उगाचच दोनदा घडी घातली. इतक्या वर्षांत तिच्या चेहऱ्यावर असे हसू त्याने क्वचितच पाहिले होते. त्याला किंचित अपराधी वाटले. पण संशयाचे भूत मानगुटीवर बसले की अपराधाला जागा उरत नाही.

“मुलीला सांगू?” तिने विचारले.

“इतक्यात नको. पैसे हातात पडू देत.”

त्यानंतरचे दिवस त्याने डोळ्यांत तेल घालून काढले. मेहुणा वरच्या मजल्यावर किती वेळ रेंगाळतो, दुकानदार मालकीणबाईंना पिशवी देताना काय कुजबुजतो, वेल्डर दुपारी फोनवर कोणाशी बोलतो. एकदा वेल्डर फोनवर ‘हो, आठ, आठच’ म्हणाला आणि तपासनीस खांबाआड गेला. वेल्डर आठच्या बसबद्दल बोलत होता.

शेवटी मालकीणबाईंनी त्याला जिन्यातच थांबवले. एक हात कठड्यावर आणि एक गुडघ्यावर ठेवून त्या म्हणाल्या, “पुढल्या महिन्यापासून भाड्यात बाराशे जास्त द्यायचे. ठाऊक आहे ना?”

“ठाऊक झालं,” तो म्हणाला. घरात शिरेपर्यंत त्याची दुप्पट करून झालीही होती.

चोवीसशे.

तो खाटेवर बसला. मापक चुकीचे दाखवत असेल तर आधी मापक तपासावे, हा नियम. त्याने सगळे पुन्हा तपासले आणि त्याला हायसे वाटले, कारण या आकड्याचा दुसराही अर्थ निघत होता. बाराशे हीच त्याची खरी वाढ होती. मालकीणबाईंना खरा आकडा कळला असेल आणि या वेळी त्यांनी निम्म्याऐवजी सगळीच वाढ मागितली असेल, तरी भाडेवाढ बाराशेच भरणार. आणि खरा आकडा कोणाला ठाऊक होता? कारखान्याच्या हिशेब विभागाला. बायकोचा आकडा खऱ्या आकड्याच्या नेमका दुप्पट ठेवून आपण प्रयोग नासवला, हे त्याला तेव्हाच कळायला हवे होते. पण दोन अर्थ समोर असले की माणूस सोयीचा अर्थ उचलतो. तपासनीसही त्याला अपवाद नसतो.

दुसऱ्या दिवशी तो हिशेबनिसाच्या खिडकीशी गेला आणि आडून आडून विचारू लागला. आमच्या भागात कोणी ओळखीचे आहे का? एखादी वयस्क बाई, गुडघे दुखणारी?

हिशेबनिसाने चष्मा वर केला. “तुम्ही भाड्याने राहता? मला वाटलं, एवढे काटकसरी म्हणजे तुमची दोन घरं तरी असतील.”

चोर तो चोर, वर शिरजोर, असे तपासनिसाला वाटले. गुन्हा सिद्ध झाला, असे समजून तो त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी मोकळ्या मनाने जेवायला बसला.

“फितूर सापडला,” तो बायकोला म्हणाला. “हिशेबनीस. आपली बातमी तोच वर पोचवतो.”

“कसली बातमी?”

“पगारवाढीची. माझी खरी वाढ बाराशेच आहे. आणि मालकीणबाईंनी नेमके बाराशेच मागितले. बाहेर कोणाला ठाऊक नसताना.”

तिच्या हातातले भांडे तिने सावकाश खाली ठेवले.

“बाराशेच म्हणजे?”

“चोवीसशे मी उगाच सांगितले होते. चाचणी म्हणून. वेल्डरला आठशे, तुझ्या भावाला सोळाशे…”

“मला चाचणी लावलीत?”

“तुला एकटीला नाही. सगळ्यांनाच.”

ती भिंतीला टेकून बसली. ती रागावलेली नव्हती. तिला धसका बसला होता, आणि ते त्याला जास्त लागले.

“वरच्या काकूंना मी सांगते,” ती म्हणाली. “दर वेळी. मीच सांगते.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण त्याने कितीदा तरी दुसऱ्यांना ऐकवली होती.

“तू?”

“समोर वेल्डरभाऊजी राहत होते, आठवतं? काकू त्यांचं भाडं दर वर्षी वाढवायच्या. पगार वाढो न वाढो. वरच्या मजल्यावर काकूंच्या शेजारी तो शिंपी होता, त्याचंही तसंच झालं. आपल्यालाही पहिली नोटीस आली होती. तुम्ही कामावर होतात. मी वर गेले. म्हटलं, काकू, दर वर्षी वाढवलंत तर आम्हीही जाऊ. त्यापेक्षा ह्यांचा पगार वाढला की निम्मा तुमचा. नाही वाढला तर मागायचं नाही. आकडा मी खरा सांगेन. त्या हसल्या. म्हणाल्या, बघू किती दिवस खरा सांगतेस.”

“आणि मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही निम्म्याचं पाव करायला वर गेला असतात,” ती म्हणाली. “भागाकार घेऊन.”

तो खरोखरच गेला असता.

“तीन वेळा भाडं वाढलं ते तुम्ही मोजलंत,” ती पुढे म्हणाली. “मधल्या वर्षांत एकदाही वाढलं नाही, ते कधी मोजलंत का? सगळी इमारत रिकामी झाली. राहणाऱ्या भाडेकरूंमध्ये आपण तेवढे उरलो. तुम्हाला वाटलं, आपलं नशीब.”

बिघडलेल्या वस्तूंचा त्याने जन्मभर माग काढला होता, आणि निर्दोष निघालेल्या एवढ्या वर्षांकडे एकदाही वळून पाहिले नव्हते. कारखान्यात अशी चूक त्याच्या हाताखालच्या नव्या माणसाने केली असती, तर त्याने त्याला चार शब्द सुनावले असते.

“आता काय करायचं?” त्याने विचारले.

“मी काकूंना चोवीसशे सांगून बसले. बाराशेवर हो म्हणून आले. म्हणजे तुमची सगळी वाढ गेली. आणि मुलीलाही सांगितलं. राहवलं नाही. उरलेले बाराशे दर महिन्याला तिला देऊ म्हटलं. ती दोघं खोली बघून आलीत. तिथला मालक अनामत हप्त्यांनी घ्यायला तयार आहे, त्याला या आठवड्यात हो की नाही ते कळवायचंय.”

“मी वर जातो. खरं काय ते सांगून टाकतो. सहाशे होतात. उरलेले सहाशे तरी तिला देता येतील.”

“सांगा,” ती म्हणाली. “पण नीट सांगा. मी खोटं बोलले असं होऊ देऊ नका.”

वाक्ये मनात जुळवत तो जिना चढला. दार उघडेच होते. आत मालकीणबाई खुर्चीत पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या आणि त्यांचा भाचा हातातल्या छोट्या यंत्राने समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पाडून खोलीची लांबी मोजत होता. भाच्याचा धंदा घरांच्या दलालीचा होता. तो जिन्यात भेटला की तपासनिसाकडे असा पाही, जणू हा माणूस म्हणजे खोलीत विसरून राहिलेले सामान.

“या या,” भाचा म्हणाला. “तुमचाच विषय चालला होता. मावशीला सांगत होतो, खालच्या खोल्यांना आज दुप्पट भाडं येतं. ही म्हणते, शब्द दिलाय. शब्दाला बाजारात काय भाव आहे?”

“तुला नसेल ठाऊक,” मालकीणबाई म्हणाल्या.

“मावशी, लोक पगार लपवतात. सगळे लपवतात. तुला जो आकडा सांगतात, तो खरा कशावरून? एकदा खोटा निघू दे, मग बघू तुझा शब्द.”

“सगळे लपवत असतील. याची बायको नाही लपवत. मधल्या करारात बरंच जास्त मिळालं होतं, तेही येऊन सांगून गेली. जास्त मिळाल्याचं कोण सांगतं रे? तू मला सांगतोस का?”

भाचा हसला आणि लाल ठिपका छताकडे नेला.

“तू कशासाठी आलास?” मालकीणबाईंनी तपासनिसाला विचारले.

जुळवलेली वाक्ये त्याच्या जिभेच्या टोकावर होती. वाढ बाराशेच आहे, चोवीसशे हा माझा प्रयोग होता, बायकोची चूक नाही. प्रत्येक शब्द खरा होता. पण भाच्याच्या कानाने ऐकला, तर त्या सगळ्याचा मिळून एकच अर्थ होत होता: या घरातून आलेला आकडा खोटा निघाला. दुसरा अर्थ शोधत बसण्याची भाच्याला गरज नव्हती. आजचा खोटा, तर मागचे खरे कशावरून, असे तो पुढच्याच वाक्यात विचारणार होता. तपासनीस त्याच्या जागी असता, तर त्यानेही तेच विचारले असते.

भाचा जाईपर्यंत थांबावे असे त्याच्या मनात आले. पण भाच्याने यंत्र बाजूला ठेवून खुर्ची ओढली आणि तो ऐसपैस बसला.

“बोल ना,” मालकीणबाई म्हणाल्या.

“वाढ कबूल आहे, एवढं सांगायला आलो.”

“ते तुझी बायको केव्हाच सांगून गेली.”

“म्हटलं, मीही सांगावं.”

मालकीणबाईंनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले. “इतक्या वर्षांत पहिल्यांदा आलास,” त्या म्हणाल्या. “बरं झालं. पण तोंड असं का पडलंय?”

“पगार वाढला की हात आखडतो त्यांचा,” भाचा म्हणाला. “जुनं दुखणं आहे ते.”

तपासनीस खाली उतरला. बायको होती तिथेच बसून होती. मुलगी दुकानातून आली होती. पिशवी अजून तिच्या खांद्यालाच होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते की आईने तिला सारे सांगून टाकले आहे.

“सांगितलंत?” बायकोने विचारले.

“नाही. भाचा बसला होता. त्याच्यासमोर सांगितलं असतं, तर घर गेलं असतं. तुझा शब्दही गेला असता.”

“भाचा होता?”

“होता.”

“या वेळेला?”

“खोली मोजत होता. भिंतीवर लाल ठिपका पाडून.”

“असेल,” ती म्हणाली.

या एका शब्दात पूर्वी विश्वास असे. आज तो शब्द तिने हातात घेऊन पाहिल्यासारखा उच्चारला.

मुलगी स्टुलावर बसली. “म्हणजे आम्ही खोलीला नाही म्हणायचं.”

“मी रविवारचं काम मागतो,” तो म्हणाला. “वेल्डरच्या ओळखीची एक छोटी कार्यशाळा आहे. त्याला विचारतो.”

“वेल्डरकाकांना? तुम्ही तर त्यांच्याशी बोलत नव्हतात.”

“आता बोलेन.”

“बोला. पण रविवारचं काम म्हणून आम्हाला उद्या हो म्हणता येणार नाही.” तिने पिशवी उतरवली. आवाज चढवण्याइतकीही ताकद तिच्यात उरलेली दिसत नव्हती. “काही नाही, आम्ही अजून एक करार थांबतो. लोक मुहूर्त बघून लग्न करतात, आम्ही करार बघून करू. फक्त तेवढं करा बाबा, मला आधीच आठशे सांगत जा. आठशेवर मी खोली बघायला गेले नसते.”

त्याच्या जवळ असलेला प्रत्येक आकडा आता कोणाला तरी सांगून झालेला होता. मुलगी उठून आत गेली. नळाचे पाणी बराच वेळ वाहत राहिले.

बायकोने शिवणयंत्राशेजारच्या गठ्ठ्यातून मालकीणबाईंचा अर्धवट शिवलेला पडदा काढला. तो द्यायचा होता पुढच्या आठवड्यात. एक कड अजून दुमडायची राहिली होती. तिने तो झटकला आणि हातावर घेतला.

“तो झाला नाही अजून,” तपासनीस म्हणाला.

“लांबी एकदा खिडकीला लावून बघते. मग कड घालीन.”

“लांबी तू आधीच घेतली होतीस.”

“परत घेते,” ती म्हणाली.

तिने चपला सरकवल्या आणि दार ओढून घेतले. ती वर कशासाठी निघाली आहे, हे त्याला कळले. मालकीणबाईंना काही सांगायला ती जात नव्हती. वर भाचा खरोखर बसला आहे का, आणि नवरा खरोखर गप्प राहिला का, एवढेच तिला पाहायचे होते. ती वर पोचेपर्यंत भाच्याने तिथून हलू नये, अशी प्रार्थना करत तो खिडकीशी उभा राहिला. तेवढ्यात खाली रस्त्यावर, भाचा आपली गाडी लावी तिथे, कोणीतरी गाडी सुरू केली.